खेट्यांचे पाच रविवार : सरत्या थंडीत मरगळलेल्या मनाला नेम कसा लावावा

माघी पौर्णिमा झाली की रविवारी पहाटे कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगराकडे माणसांची रीघ लागते. पाच रविवार चालतं हे. यातल्या प्रत्येक पायी फेरीला खेटा म्हणतात. आणि पाचवा खेटा झाला की आमच्या गल्लीतलं कुणीतरी दारात येऊन म्हणतंच, "काकी, पाचही खेटे घातले, पाय सोलून निघाले, पण मन काही थाऱ्यावर आलं नाही बघा." मग मी विचारायला लागते. रविवार बहुतेकांचा नीटच झालेला असतो. सोमवार ते शनिवार मात्र कोरा गेलेला असतो.

हा लेख त्या कोऱ्या सहा दिवसांसाठी आहे, आणि थोडा रविवारसाठी. खेटे का घालतात, अंबाबाई आणि जोतिबा यांची कथा काय, हे इथे सांगत बसत नाही. कोल्हापूरकराला ते आजीच्या मांडीवरच कळलेलं असतं.

आपल्याकडची ही मरगळ अंधाराची नसते. ऊन भरपूर असतं. पहाटे 15-16 अंश आणि दुपारी 32-33, त्यामुळे अंगाला कळतच नाही की शाल घ्यावी की पंखा लावावा. ऊस तुटून गेलेली रानं उघडी पडतात. कुणीतरी पाचट पेटवतं आणि त्याची काजळी आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. ऑफिसात मार्चएंड, घरात दहावी-बारावी. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीला आटोपलेलं आणि पाडवा अजून लांब. या मधल्या दिवसांत माणूस चिडचिडा होतो, आणि आपल्याला काहीच मिळालं नाही असं त्याला उगाच वाटायला लागतं.

सुरुवातीआधी : हे दोन प्रश्न स्वतःला विचारा

पहिला प्रश्न मनाचा. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस रोजच उदास वाटतंय, झोप उडालीय, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, असं असेल तर ती हंगामाची मरगळ नाही. आधी डॉक्टर. जगणं नको वाटत असेल तर आजच, या क्षणी कुणाला तरी सांगा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर नेमाच्या भरात त्या बंद करू नका. आणि घरातल्या आजारी माणसाला "देवावर श्रद्धा ठेव म्हणजे बरं वाटेल" असं ऐकवू नका. आपली श्रद्धाच कमी पडली असं त्याला वाटायला लागतं आणि एक ओझं वाढतं.

दुसरा प्रश्न पायांचा. मधुमेह असेल, तळपायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. चप्पल घालून गेलात तर देव रागावत नाही. याबद्दल माझ्याशी वाद घालायला दरवर्षी कुणीतरी येतं, मी दरवर्षी हेच सांगते.

टप्पा 1 : संकल्प (पहिल्या रविवारच्या आधीचा आठवडा)

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

नवस आणि संकल्प लोक एकच समजतात. नवसात देवाशी बोली असते, तू हे दे, मी ते करीन. संकल्पात बोली नसते. मी काय करणार एवढंच त्यात असतं. नवस बोलू नये असं मी म्हणत नाही, आमच्या घरातही बोलले गेलेत आणि फेडलेही गेलेत. पण कृतज्ञतेसाठी नेम धरायचा असेल तर या पाच रविवारांत नवा नवस नको. जुना राहिला असेल तर खुशाल फेडा.

कारण साधं आहे. मागणं चालू असलं की डोळा न आलेल्या गोष्टीवर राहतो. आलेल्या गोष्टी मोजायला सवडच होत नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मुलाच्या बारावीसाठी खेटे घालत होते. प्रत्येक पावलाला टक्के. डोंगर चढून वर जाईपर्यंत त्यांचे टक्के 85 वरून 92 वर गेले होते आणि तोंड मात्र उतरलेलं.

संकल्प असा करा. सकाळी अंघोळ झाल्यावर देव्हाऱ्यापुढे बसून, पळीभर पाणी हातावर घेऊन, स्वतःच्या भाषेत म्हणा: "पाच रविवार चालेन. रोज दिवेलागणीला पंधरा मिनिटं बसेन. तोवर नवं काही मागणार नाही." बस. संस्कृत येत असेल तर चांगलंच, नसेल तर अडत नाही.

मागणं अगदीच सुटत नसेल तर ते एका चिठ्ठीवर एकदाच लिहा, घडी करा, देव्हाऱ्यातल्या वस्त्राखाली ठेवा. पाचवा खेटा होईपर्यंत उघडायची नाही. मनात मागणं आलं की "लिहून दिलंय" म्हणा आणि पुढे जा. हा उपाय माझ्या सासूबाईंचा. त्यांच्या चिठ्ठ्यांत काय असायचं ते आम्हाला कधी कळलं नाही.

*तपासणी : संकल्प कागदावर लिहून बघा. त्यात "मला मिळावं", "माझं व्हावं" असं काही आलं असेल तर तो भाग चिठ्ठीत टाका आणि संकल्प पुन्हा लिहा.*

दिवस पक्का करताना पंचांग बघा किंवा आपल्या गुरवांना विचारा. माघी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो, कधी शेवटाला. अंदाजाने निघून एक रविवार चुकवलेली माणसं मी पाहिली आहेत.

टप्पा 2 : वही आणि तिच्यातले तीन रकाने

साधी शंभर पानी वही पुरे. मोबाइलवर लिहू नका, लिहायला उघडाल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जाल. पानावर तीन रकाने पाडा: काय आलं, कुणाच्या हातून आलं, त्या माणसाला त्यासाठी काय पडलं.

रोज तीनच नोंदी. जास्त नाही.

चुकीची नोंद अशी असते: "चांगलं आरोग्य. प्रेमळ कुटुंब. नोकरी." हे खरं असलं तरी वहीत उपयोगाचं नाही, कारण उद्याही हेच लिहाल आणि परवाही. चौथ्या दिवशी हात लिहीत असतो, मन भाजीला काय करायचं ते ठरवत असतं.

बरोबर नोंद अशी: "मंगळवार. नळाला पाणीच आलं नाही. शेजारच्या वहिनींनी दोन कळशा दिल्या. त्यांचं धुणं राहिलं." किंवा: "रिक्षावाल्या मामांनी फाटकापर्यंत आत आणून सोडलं, पाय दुखरा आहे हे त्यांनी बघितलं होतं. त्यांना रिक्षा वळवायला गल्लीच्या टोकापर्यंत जावं लागलं." किंवा नुसतं: "धाकट्याने न सांगता माझं ताट उचललं. त्याची मॅच चालू होती."

तिसरा रकाना सगळ्यांना अवघड जातो आणि बहुतेक जण तो गाळतात. गाळू नका. आपल्यासाठी कुणाचं तरी काहीतरी खर्ची पडलं, वेळ म्हणा, झोप म्हणा, हे लिहिताना छातीत जे हलतं तिथेच कृतज्ञता असते. पहिल्या दोन रकान्यांत नुसती यादी होते. देव कुठे आला यात, असं विचारणारे असतात. माझ्यापुरतं सांगते. देणारा धनी एकच, हात वेगवेगळे. धन्याला हात जोडायचे तर आधी हात ओळखता यायला हवेत. "देवा, सगळ्यासाठी धन्यवाद" हे म्हणायला फार स्वस्त पडतं.

वहीतल्या तीन चुका वारंवार दिसतात.

पहिली, तुलना. "त्या बिचाऱ्यापेक्षा माझं बरं आहे." ही कृतज्ञता नाही. दुसऱ्याच्या दुःखावर आपला पाट मांडून बसणं आहे ते. शिवाय ती टिकत नाही, कारण उद्या आपल्यापेक्षा बरं चाललेला कुणीतरी दिसतोच. वहीत दुसऱ्याचं नाव फक्त मधल्या रकान्यात येऊ द्या, देणारा म्हणून.

दुसरी, हाव. पहिल्या वर्षी मी रोज 21 नोंदी लिहायचं ठरवलं होतं. एकवीस मोदकांसारखं. चौथ्या दिवशी आदल्या दिवसाच्या नोंदी उतरवून काढल्या आणि आठव्या दिवशी वही कपाटात गेली.

तिसरी चूक जास्त वाईट: जबरदस्तीचे आभार. त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल, तर "त्यातही काही चांगलं असेल" असं स्वतःकडून लिहून घेऊ नका. देवालाही खोटं लिहिलेलं नको असतं. अशा दिवशी पानावर तारीख घाला आणि लिहा, "आज काही दिसलं नाही." ती नोंद धरली जाते. माझ्या वहीत अशी ओळीने नऊ पानं आहेत. दहाव्या दिवशी शेजारणीने न विचारता भाकरी आणून ठेवली, ते लिहिलंय.

टप्पा 3 : दिवेलागणीची पंधरा मिनिटं

क्रम बदलू नका. लोक इथे आपापल्या सोयीने मागेपुढे करतात आणि मग बसलं की झोप येते म्हणतात.

1. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आवाज बंद करून जवळ ठेवणं चालत नाही.

2. हातपाय, तोंड धुवा. पाणी गार असलं तरी पाय धुवाच. दिवा लावा. तेल भरलेलं आहे का ते दुपारीच बघून ठेवा, ऐनवेळी बाटली शोधण्यात मन निसटतं.

3. आधी गाऱ्हाणं. दोन-तीन मिनिटं, तोंडाने, आवाज काढून. घरात माणसं असतील तर पुटपुटून. "साहेबांनी आज सगळ्यांसमोर बोलून घेतलं. मोटार जळाली, दुरुस्तीला पैसे नाहीत. कंटाळा आलाय." जे असेल ते. सजवायचं नाही.

4. मग वही. तीन नोंदी.

5. मग नाम. एक माळ, 108. जो देव घरात आहे त्याचं. जोतिबाचं असेल तर चांगभलं म्हणा, विठ्ठलाचं असेल तर ते.

6. माळ खाली ठेवल्यावर लगेच उठू नका. ज्योतीकडे बघत मिनिटभर बसा. काही करू नका.

7. उठल्यावर घरातल्या कुणाचं तरी एक बारीक काम करा. पाण्याचा तांब्या भरून ठेवा, सासऱ्यांचा चष्मा पुसून द्या. सांगायचं नाही.

गाऱ्हाणं आधी का, असं हमखास विचारतात. देवापुढे कुरकुर करणं त्यांना बरं वाटत नाही. पण ती आत ठेवून आभार मानायला बसलात तर प्रत्येक नोंदीला "हो, पण" चिकटतं. पाणी दिलं, हो, पण मागच्या वेळी नाही दिलं. आधी मोकळं झालं की वही हलकी होते. उलट क्रम लावणारे, म्हणजे आधी आभार आणि शेवटी गाऱ्हाणं, तेच गाऱ्हाणं घेऊन जेवायला बसतात. मग जेवण खारट होतं, भाकरी जाड होते, सगळंच होतं.

*इशारा : गाऱ्हाणं तीन मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवा. पाचव्या मिनिटाला ते गाऱ्हाणं राहत नाही, भांडणाची तालीम होते.*

मन लागलं नाही तर? तरी बसायचं. पहिल्या आठवड्यात बहुतेक दिवस लागणारच नाही. किरणोत्सवाचं उदाहरण देते. अंबाबाईच्या देवळात 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखावर. पण एखाद्या वर्षी ढग असतात, धुरळा असतो, वाटेत इमारतींची आडकाठी असते, आणि किरण कुठेतरी खालीच विरून जातं. तरी माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभी राहतात. आपण जागेवर असणं एवढंच आपल्या हातात.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका, दंड भरल्यासारखं होतं. कालचं पान कोरं ठेवा आणि पुढे चला. आणि दुसऱ्या आठवड्यात हुरूप येऊन पंधराची चाळीस मिनिटं व्हायला लागली तर कापा. हुरूप ओसरला की चाळीस जड वाटतात आणि पंधराही जातात.

टप्पा 4 : पायांची तयारी

हे भक्तीच्या लेखात कशाला, असं वाटेल. पहिल्या वर्षी मी तयारीशिवाय अनवाणी गेले. वाटेतल्या निगवे गावाच्या पुढे दोन्ही टाचांना फोड. वर पोचेपर्यंत मनात देव नव्हता, फक्त टाच होती. पुढचे दहा दिवस कामावर लंगडत गेले आणि घरच्यांवर चिडचिड केली ती वेगळीच.

आधीच्या आठवड्यात रोज दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर अनवाणी चाला. मग डांबरी रस्त्यावर, सकाळी. नखं कापा, पण मुळापर्यंत नको. टाचांच्या भेगांना रात्री खोबरेल लावा, सकाळी निघताना मात्र लावू नका, धूळ चिकटते आणि पाय घसरतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

पिशवीत पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, स्वच्छ फडक्याची पट्टी, काटा काढायला चिमटा, आणि चप्पल. हो, अनवाणी जाणाऱ्यांनीही चप्पल पिशवीत ठेवावी. फोड आला तर फोडू नका, वरची कातडी ओढू नका, धुऊन पट्टी बांधा आणि चप्पल घाला.

*तपासणी : शनिवारी रात्री नऊच्या आत जेवण, दहाच्या आत अंथरूण. "पहाटे उठायचंय तर झोपतोच कशाला" म्हणत रात्रभर गप्पा मारणारे गट सकाळी चढ सुरू होतो त्या गायमुखापाशी झाडाखाली आडवे पडलेले दिसतात.*

टप्पा 5 : रविवारची वाट

अंतर साधारण 17-18 किलोमीटर. सवय असलेल्याला चार तास, नवख्याला पाच. पहाटे चारच्या सुमारास निघालात तर उन्हाच्या आत वर पोचता. पंचगंगेपासून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि मग चढ, ही नेहमीची वाट. मी तिचे चार तुकडे करते, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं काम देते.

पंचगंगा ते वडणगे : गप्प. बरोबर कुणी असलं तरी बोलायचं नाही. अंधार असतो, नदीवरून गारवा येतो, अंग अजून आखडलेलं असतं. आठवडाभराची वही मनातल्या मनात चाळा. या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, गळीत हंगाम संपलेला नसतो. डाव्या-उजव्याचं भान ठेवा, फिकट कपडे घाला, पाठीला चमकणारी पट्टी असेल तर उत्तम. कानात हेडफोन नको, अभंग असला तरी नको.

वडणगे ते निगवे : बोलायचं. बरोबरच्या माणसाला वहीतली एक नोंद सांगा आणि त्याची एक ऐका. एकट्याने चालत असाल तर पुढच्या माणसाला गाठा. इथे लोक राजकारण आणि जागेचे भाव काढतात. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

निगवे ते कुशिरे : माणसं. आठवड्यात ज्यांच्या हातून काही आलं त्यांची नावं घेत चाला. पावलागणिक एक. नावं संपली की पहिल्यापासून. इथे उजाडायला लागतं, एखाद्या गुऱ्हाळाचा वास आला तर तुमचं नशीब. वाटेत कुणी चहा-पाणी दिलं तर घ्या. "नको, नको" म्हणून पुढे जाण्यात मोठेपणा नाही. घेता येणं हेही शिकावं लागतं, आणि आपल्याकडे बायकांना ते सगळ्यात अवघड जातं. कप मात्र रस्त्यावर टाकू नका.

गायमुखापासून वर : फक्त नाम. दम लागलेला असतो, विचार करायला वाव उरत नाही. "जोतिबाच्या नावानं चांगभलं" एवढंच. श्वासाच्या लयीत जमेल तसं. बसावंसं वाटलं तर बसा.

*इशारा : छातीत दुखणं, हाताला कळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम फुटणं यातलं काही झालं तर तिथेच थांबा आणि माणसं बोलवा. खेटा अर्धा राहिला तरी चालतो.*

वर गेल्यावर रांग असते, मोठी असते. रांगेत ढकलाढकली करून दर्शन घेतलंत तर सकाळपासूनचं सगळं तिथेच सांडतं. पाय साथ देत नसतील तर शिखराला हात जोडा, दर्शन पोचतं. आत गेलात तर मागू नका. आठवड्यातल्या तीन माणसांची नावं देवाच्या कानावर घाला आणि बाजूला व्हा, मागचा माणूस चार तास चालून आलेला आहे. गुलाल डोळ्यांत गेला तर चोळू नका, पाण्याने धुवा. खोबऱ्याचा प्रसाद घरी न्या.

परतीला एसटी किंवा वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी जीप. चालत उतरण्याचा पराक्रम पहिल्या तीन रविवारी तरी नको, गुडघे उताराला जास्त बोलतात. आणि परतीतच बहुतेकांचा खेटा मोडतो. गाडीत जागेवरून भांडण, मग घरी जाऊन "मी एवढं चालून आलोय" म्हणत बायकोला चहा, पाणी, शेक मागत पलंगावर पडणं. त्या बाईने पहाटे तीनला उठून तुमचा डबा केलेला असतो. रविवार संध्याकाळच्या वहीत पहिली नोंद तिची हवी, तिसऱ्या रकान्यासकट.

फोटो? एक काढा. पाच स्टेटस टाकले की दुपारभर कोण बघतंय ते मोजण्यात जातं.

टप्पा 6 : पाच रविवार एकसारखे नसतात

पहिला सोपा, सगळ्यांचाच. दुसऱ्याला अंग दुखतं पण हुरूप असतो. तिसरा सगळ्यात अवघड. नवलाई संपलेली, शेवट दिसत नाही, घरात परीक्षेचा ताण, आणि शनिवारी रात्री नेमकं कुठलं तरी लग्न. सोडणारे बहुतेक तिसऱ्यालाच सोडतात. त्यासाठी दुसऱ्या रविवारीच कुणाला तरी सांगून ठेवा, "पुढच्या वेळी मला हाक मारल्याशिवाय निघू नका." चौथ्या-पाचव्याला ऊन वाढलेलं असतं, दहाच्या पुढे डांबर तापतं. अर्धा-पाऊण तास आधी निघा.

मध्ये सुतक आलं, ताप आला, मासिक पाळी आली, तर काय करायचं ते आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा. दिवेलागणीच्या पंधरा मिनिटांत मात्र या कारणांनी मी कधीच खंड पडू दिला नाही. वही शिवायला कसली अडचण?

ज्यांना चालणं शक्यच नाही त्यांनी मन लहान करू नये. माझ्या सासूबाईंनी शेवटची दोन वर्षं घराच्या ओट्यावर काठी टेकत येरझाऱ्या घातल्या. एका रविवारी पन्नास. चार तुकडे त्यांनीही पाडले होते, तुळस, पायरी, नळ आणि परत तुळस. अंथरुणाला खिळलेला माणूस नुसती नावं घेऊ शकतो. सहा दिवसांचा नेम तर कुणालाही जमतो.

एक मोठी गफलत : समाधान आणि थकलेलं बिल

ऊसवाल्यांना हे खास सांगायचंय. ऊस कारखान्याला गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे. बिल दोन-दोन महिने अडकलं तर "असू दे, आहे त्यात समाधान" म्हणून घरी बसणारा माणूस मला समाधानी वाटत नाही. घाबरलेला वाटतो. पैसे मागायला जा, अर्ज द्या, चारचौघांना घेऊन जा. तेच पगाराचं, तेच घरात होणाऱ्या मारहाणीचं. सहन करण्याला भक्तीचं नाव देऊ नका.

फरक कळायला एक सोपी खूण आहे. मागून आल्यावर रात्री झोप लागते का बघा. नेम बरोबर चालला असेल तर माणूस हक्काचं ठणकावून मागतो आणि घरी येऊन पोरांशी नीट बोलतो. मागायला गेलाच नाही तर तो राग घरात निघतो. तसं दिसलं तर टप्पा 3 मधलं गाऱ्हाणं तपासा, खरं गाऱ्हाणं देवापुढे आलेलंच नसतं.

सहावा रविवार

याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पाच खेटे झाल्यावरच्या रविवारी पहाटे तीनला जाग येते. पाय दुखत नाहीत, आणि करमत नाही. काही जण त्या पोकळीला घाबरून लगेच पुढचं व्रत धरतात. थांबा. चैत्राची यात्रा येतेच आहे.

त्या सकाळी देव्हाऱ्यातली चिठ्ठी काढा. वाचा. काहींचं मागणं पूर्ण झालेलं असतं, काहींचं नसतं, आणि काहींना आपण हे मागितलं होतं हेच आठवत नाही. मग वही पहिल्या पानापासून चाळा आणि मधल्या रकान्यात जे नाव सगळ्यात जास्त वेळा आलंय ते शोधा. प्रसादाच्या खोबऱ्यातलं थोडं कागदात बांधा आणि त्या माणसाकडे जा. कशासाठी आलात ते सांगा, रकान्यातलं वाचून दाखवा. समोरचा बावरतो, "अहो त्यात काय एवढं" म्हणतो. तिथे गडबडून निघून येऊ नका, चहा घेऊन मगच उठा.

गेल्या वर्षी माझ्या वहीत ते नाव आमच्या कचरागाडीवरच्या ताईंचं निघालं, अकरा वेळा. त्यांनी खोबरं पदरात बांधलं, हात झटकले आणि म्हणाल्या, "काकी, उद्यापास्नं ओला-सुका येगळा करा तेवढा."